मानाचा स्लॉट

कुंभकोणममधल्या कुठल्याही मराठी घरचं लग्न असो, पहिला विडा कोणाच्या हातात पडायचा हा प्रश्न हनुमंतरावांच्या लेखी कधीच सुटलेला आहे. तो त्यांच्याच हातात पडायचा. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारी होते. दरबारात नेमके काय होते, हे मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतं. हनुमंतराव 'दिवाणखान्याचा कारभार' म्हणतात. त्यांच्या पत्नी भवानीबाई तशाच दुसऱ्या जुन्या घरातून आलेल्या. त्यांच्या माहेरी त्याच कामाला 'समयांत तेल घालणं' म्हणत असत. पुढे राज्य गेलं, दरबार गेला, समयाही कुठेतरी मोडीत गेल्या. मान तेवढा हनुमंतरावांच्या घरी आला, आणि तो ते अजून रोज घासूनपुसून ठेवतात.

या मानाची सवय एकदा लागली की ती विड्यापाशी थांबत नाही. हनुमंतरावांच्या घरात कॉफीचे पेले वयाच्या क्रमाने भरतात, म्हणजे सर्वांत तरुण माणसाला ती थंडच मिळते. दारापाशी चपलासुद्धा पायरीपायरीने, वडील वर आणि धाकटे खाली. पंक्तीत कोण कुठे बसणार हे ते स्वतः हाताने दाखवतात, आणि त्या दाखवण्याला घाबरून तिरुप्पनंदाळचे दोन नातेवाईक हल्ली जेवणाच्या वेळा टाळूनच भेटायला येतात.

आता अशा माणसाचा आणि कॉम्प्युटरचा संबंध यायला नको होता. पण ते ज्या सहकारी संस्थेत कारकून होते तिथे एके दिवशी कॉम्प्युटर आला, त्याला हात लावायला कोणी धजेना, आणि साहेबांनी हनुमंतरावांना तिरुचिरापल्लीला शिकायला धाडलं. तिथे मास्तरांनी खोकं उघडून दाखवलं आणि हनुमंतरावांना आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या काळी एकाच पट्टीवायरीला दोन डिस्क जोडत, आणि त्यातली कोणती थोरली हे एक चिमुकली टोपी सरकवून ठरवावं लागे. थोरलीला मास्टर म्हणत, धाकटीला स्लेव्ह. ही क्रमवारी चुकली की मशीन रुसून बसे. विलायती लोकांनाही मानपान कळतो, हे पाहून हनुमंतरावांना भरून आलं होतं.

तेव्हापासून नात्यातला प्रत्येक कॉम्प्युटर त्यांच्या हाताखालून गेला आहे. ते फुकट दुरुस्त करतात. नातेवाईक मनातल्या मनात म्हणतात की यांनी हवं ते मागून घ्यावं, पण हात लावू नये. निवृत्तीनंतर तर त्यांचा हात अगदीच मोकळा झाला. मास्टर-स्लेव्हचा जमाना मागे पडला, पट्टीवायरी गेल्या, डिस्का आक्रसत आक्रसत च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या झाल्या आणि थेट मदरबोर्डावर बसू लागल्या. हनुमंतराव होते तिथेच होते.

त्यांच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरात अशीच एक पट्टी होती, जुन्या जातीची एसएसडी. तिच्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचं, गंगाबाईंचं, एक पद होतं. आमच्या लोकांत लग्नाआधी नवरी गौरीहर पुजायला बसते, तेव्हा बायका पदं म्हणतात. त्यातलं एक लांबलचक पद गंगाबाईंना त्यांच्या सासूकडून आलं होतं. ते त्यांच्याशिवाय कोणालाच पुरतं येत नव्हतं. शिकायचं कोणी मनावर घेतलं नाही, कारण अक्का आहे की म्हणायला. मग दोन वर्षांपूर्वी अक्काच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता त्या बोलतात ते नुसतं श्वासावर, आणि ऐकायला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो.

पद जगात उरलं होतं ते त्या एका पट्टीवर. हनुमंतरावांचा मुलगा विघ्नेश याच्या लग्नात ते त्यांनी स्वतः टेपलं होतं, आणि ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्याची प्रत त्यांनी कोणालाही दिली नव्हती. विघ्नेशने एकदा सुचवलं होतं की इंटरनेटवर एक प्रत ठेवू, क्लाउडमध्ये सुरक्षित राहते. आपल्या घरचं गाणं परक्याच्या माळ्यावर कशाला ठेवायचं, असं विचारून हनुमंतरावांनी त्याला गप्प केलं. गाणं त्यांनी जिवापाड जपलं होतं. ऐकलं मात्र एकदाही नव्हतं. जपण्याच्या गडबडीत ते राहून गेलं.

यंदा गंगाबाईंच्या नातीचं, हरिणीचं लग्न ठरलं. हरिणीने घरात एकच हट्ट धरला. दागिने काय ते तुम्ही ठरवा, साडी दारासुरमच्या मागावरची असली तर बरं, पण गौरीहराला बसेन तेव्हा आजीचं पद लागलं पाहिजे. हनुमंतराव म्हणाले, एवढंच ना, आणि त्याच आठवड्यात विजेने एक झटका दिला आणि त्यांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला.

पट्टीला काही झालं नव्हतं. कोणत्याही दुकानदाराने ती काढून चहा पिता पिता दुसरीकडे लावून दिली असती. पण हनुमंतरावांनी ठरवलं की नवा मदरबोर्ड आणायचा, नवी वेगवान एसएसडी आणायची, जुनी पण त्यातच बसवायची, आणि सगळं स्वतः करायचं. बसस्टँडजवळ वेंकटेशचं दुकान आहे, तिथून त्यांनी माल घेतला; नव्या पट्टीत विंडोज आधीच भरलेलं होतं. वेंकटेश तमिळमध्ये म्हणाला की जोडून देतो. हनुमंतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पुरोहिताला कोणी मंत्र शिकवतोय. तरी तो बिचारा पिशवी हातात देताना सांगू लागला, "सार, वरच्या स्लॉटमध्ये मात्र..." तोवर सार रस्त्यावर पोचले होते.

घरी जेवणाच्या टेबलावर नवा मदरबोर्ड मांडला गेला. त्यावर पट्टी बसवायला दोन जागा होत्या. एक वर, अगदी प्रोसेसरच्या शेजारी, चकचकीत धातूचं झाकण असलेली. दुसरी खाली, कोपऱ्यात, उघडीबोडकी. हनुमंतरावांनी दोन्ही जागा नीट निरखल्या आणि त्यांना काडीचीही शंका उरली नाही. वरची जागा मानाची. राजाच्या उजव्या हाताला, डोक्यावर छत्र. तिथे कोण बसणार? थोरली. म्हणजे जुनी पट्टी, जिच्यात अक्काचा आवाज आहे. नवी कालची पोर, वेगवान असली म्हणून काय झालं, ती खाली बसेल. भवानीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं की वेगवान ती वर नको का. त्यांना सांगण्यात आलं की सांबार उतू जातंय का ते बघा.

बटण दाबलं. मशीन झकास सुरू झालं. पडद्यावर नवी पट्टी दिसली. जुनी दिसेना.

हनुमंतराव हसले. अशा गोष्टी सेटिंगने सुटतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते बायोसमध्ये शिरले. बायोस म्हणजे मदरबोर्डाचं आतलं दफ्तर, जिथे कोणती डिस्क कोणत्या तऱ्हेने चालवायची, आधी कोणाला हाक मारायची, हे ठरवता येतं. हाक मारायच्या क्रमात त्यांना जुनीला पहिला नंबर द्यायचा होता. पण क्रमात तिचं नावच नव्हतं, तेव्हा पहिला नंबर रिकाम्या जागेला कसा द्यावा हे कळेना. मग त्यांनी डिस्क चालवायची तऱ्हा बदलून पाहिली. मग ज्याचा अर्थ माहीत नव्हता ते एक सेटिंग बंद केलं, आणि ज्याचा अर्थ माहीत असल्यासारखं वाटत होतं ते चालू केलं. याचा परिणाम झाला. इतका वेळ मुकाट चालणारी नवी पट्टीही बंद पडली आणि निळ्या पडद्यावर एक रडवं तोंड उमटलं. भवानीबाईंनी येऊन ते तोंड पाहिलं आणि परत जाऊन सांबार उतरवून ठेवलं.

दुपारपर्यंत हनुमंतरावांचे सगळे उपाय थकले. बायोस त्यांनी मूळपदावर आणून ठेवलं, नवी पट्टी पुन्हा चालू लागली, पण वरच्या मानाच्या जागेवर बसलेली जुनी हूं की चूं करीना. त्यांनी ती काढून पुसली, फुंकली, देवापुढे ठेवून अंगारा लावला, पुन्हा तिथेच बसवली. पुन्हा तिथेच, बरं का. जागा बदलून पाहावी हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. सगळं बदलून पाहतील, पण वडीलधाऱ्याला उठवून खाली बसवायचं, हे त्यांच्या हातून होणारच नव्हतं.

शेवटी त्यांनी निकाल दिला की विजेच्या झटक्यात पट्टी गेली. चूक विजेची. हे भवानीबाईंना सांगून झालं, विघ्नेशला फोनवर सांगून झालं. मग मात्र ते खुर्चीत बसले आणि वाजणारा फोन उचलेनात. कारण आता हे अक्काला सांगायचं होतं. खरं सांगायचं तर हनुमंतराव जगात घाबरतात त्या एका माणसाला. लहानपणी आई कामात असायची, यांना भरवलं, न्हाऊ घातलं ते अक्काने. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून ते ढसाढसा रडले होते, आणि कोणी पाहिलं नाही अशी त्यांची समजूत आहे.

अक्काच्या घरी, दारासुरमला जायची वेळ मात्र आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाबाईच रिक्षाने आल्या, हरिणीला बरोबर घेऊन. भाऊ फोन उचलत नाही म्हणजे काहीतरी करून बसलाय, हे त्यांनी घरीच ओळखलं होतं. टेबलावर कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पडला होता. हनुमंतरावांनी विजेवर एक लांबलचक भाषण सुरू केलं. हरिणीचे डोळे भरून आले. गंगाबाई शांतपणे खुर्चीवर बसल्या, मदरबोर्डाकडे बोट केलं आणि खुणेने विचारलं, यातली माझी कोणती?

हनुमंतरावांनी वरची जागा दाखवली. सगळ्यांत मानाची जागा दिली होती, अक्का, असं ते अगदी कळवळून म्हणाले.

गंगाबाईंनी भावाला जवळ बोलावलं. तो वाकला. त्या श्वासावर म्हणाल्या, "माझं गाणं पुढल्या पाटावरून कधीं झालं रे, हनुमंता? तिला सवय नसेल."

भवानीबाईंना हसू आलं, हरिणीला कळलं नाही, आणि हनुमंतरावांना राग आला. एसएसडीला काय सवय असते? ही काय गंमत करायची वेळ आहे? फरक पडत नाही हे एकदा डोळ्यांनी दाखवून द्यावं म्हणून त्यांनी तणतणत वरचं झाकण काढलं, जुनी पट्टी उपसली, खालच्या कोपऱ्यात खुपसली, नवी उचलून वर बसवली आणि बटण दाबलं. बघ, म्हणाले, काही येत नाही.

पडद्यावर दोन्ही डिस्का आल्या.

मग हनुमंतराव खाकरले आणि म्हणाले की सेटिंगचा प्रश्न होता. पुढे कधीतरी वेंकटेशने त्यांना अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करून सांगितलं: दोन पट्ट्या दिसायला सारख्या असल्या तरी जात निराळी, वरच्या स्लॉटला फक्त नव्या जातीची चालते, खालच्याला दोन्ही चालतात, जुनी वर बसवली तर ती आहे हेच मदरबोर्डाला कळत नाही. हनुमंतराव आता हे ज्ञान इतरांना देतात, आणि ते आपण शोधून काढलं असंही सांगतात. असो. त्या सकाळी हे काही माहीत नव्हतं. त्या सकाळी हरिणीने घाईघाईने ती फाईल शोधली आणि लावली.

आधी मंडपातला गलका आला. मग काहीतरी खरखरलं, कारण टेपण्याचं यंत्र हनुमंतरावांनी मानाने स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. आणि मग खणखणीत, ओळखू येणारा, स्वतः हनुमंतरावांचा आवाज आला.

"अक्का, मागें सरक. व्याही बघताहेत. नवरा जाऊन वर्ष झालं नाहीं तुझा, पुढें काय बसतेस? त्या खांबामागें बैस आणि म्हण."

कोणीतरी पाट सरकवल्याचा आवाज आला, बांगड्यांचा आला नाही. मग गाणं सुरू झालं. फार दुरून, खांबाच्या पलीकडून, मध्ये माणसांची कुजबुज, भांड्यांची आदळआपट आणि हनुमंतरावांचं खिशाजवळचं 'वा, वा'. पण आवाज गंगाबाईंचाच होता. त्या आवाजात कुठेही रुसवा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. सूर जिथे चढायचा तिथे तो सरळ चढत होता. हरिणीने कान स्पीकरला लावला. भवानीबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. गंगाबाई मान हलवत होत्या, एका जागी त्यांनी बोटाने ताल दिला, आणि ओठही हलवले, त्यातून काही निघालं नाही.

पद संपलं. हनुमंतराव भिंतीकडे पाहत होते. त्यांना ते आठवत नव्हतं. खोटं कशाला बोला, खरंच आठवत नव्हतं. पंक्तीत माणसं बसवणाऱ्याला कोणाकोणाला उठवलं ते लक्षात राहत नाही. हरिणी समजूतदार मुलगी. तिने आजीच्या भावाला हलक्या आवाजात विचारलं की सुरुवातीचा तेवढा भाग कापून टाकते, चालेल ना? हनुमंतराव लगेच म्हणाले, काप, काप, ती टेपिंगमधली नुसती खरखर आहे.

गंगाबाईंनी हात वर केला. हरिणी वाकली तेव्हा म्हणाल्या, "असूं दे. त्याचा आवाज किती स्वच्छ आलाय बघ."

आणि अक्काने म्हटलेलं त्या घरात कोणी बदलत नाही. त्याच बैठकीत हरिणीने त्या फाईलच्या प्रती करून दिसेल त्याच्या फोनवर धाडल्या, एक क्लाउडवरही ठेवली. परक्याच्या माळ्यावर आता हनुमंतरावांची ती हाळी कायमची जाऊन बसणार होती, पिढीजात मानासकट.

लग्नाच्या दिवशी मंडपात त्यांचं नेहमीचं राज्य असायला हवं होतं. माणसं वाटच पाहत होती, कोणाला कुठे बसवतात त्याची. पण ते कोणाला बसवेनात. तिरुप्पनंदाळचे ते दोन नातेवाईक आपापले मनाला येईल तिथे बसले, आणि आश्चर्य म्हणजे मंडप कोसळला नाही. पहिला विडा घेऊन माणूस त्यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी तो घेतला आणि जाऊन अक्काच्या हातात ठेवला. विधवेच्या हातात मानाचा विडा. कुठेतरी दोन म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं. त्यांनी सगळ्यांत पुढे, गौरीहराच्या अगदी समोर, अक्कासाठी लाल गादीची खुर्चीही मांडून ठेवली होती. गंगाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि जिच्यावर पंखा होता अशी बाजूची साधी खुर्ची ओढून तिथे बसल्या.

हरिणी गौरीहराला बसली. पद लागलं. सगळ्या मंडपात तो खणखणीत आवाज घुमला: अक्का, मागें सरक. शंभर माना वळल्या. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी तत्परतेने तमिळमध्ये समजावलं. हनुमंतराव तेव्हा पहिल्या रांगेत होते. ते उठले, मान खाली घालून रांगेमागून रांग ओलांडत गेले, आणि शेवटी जेवणघराच्या दाराशी जो खांब आहे त्याच्यामागे जाऊन उभे राहिले. लाजेने गेले, हे उघड आहे. पण तिथे पोचल्यावर त्यांनी कान टवकारले, कारण आता गाणं सुरू झालं असणार होतं. पुढच्या बायकांचे डोळे पाणावलेले त्यांना दिसत होते. हरिणी हात जोडून बसलेली दिसत होती. अक्काचं बोट ताल धरत होतं, तेही दिसलं.

ते तसेच उभे राहिले, पद संपेपर्यंत. खांबामागून काहीच ऐकू येत नव्हतं.